वरळी कोळीवाड्यात बिऱ्हाड व दुकान : अनामत, पगडी आणि भरती-ओहोटी

वरळी सी-फेसवरून उत्तरेकडे चालत गेले की उंच इमारती संपतात आणि एकदम एक गाव लागते. अरुंद गल्ल्या, एकमेकांना खेटून असलेली एकमजली-दुमजली घरे, अंगणात वाळत घातलेली जाळी, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या. टोकाला वरळीचा किल्ला. इंग्रजांनी तो १६७५ च्या सुमारास माहीमच्या खाडीवर नजर ठेवण्यासाठी बांधला असे मानले जाते. समोर वांद्रे-वरळी सागरी सेतू आहे. संध्याकाळी सेतूचे दिवे लागले की मुंबईत इतकी देखणी जागा इतक्या साध्या लोकांकडे कशी राहिली याचे नवल वाटते.

या देखणेपणामुळेच हा लेख लिहावा लागत आहे. लोअर परळ, डिलाईल रोड, प्रभादेवी या भागांत काम करणारे आपले शिलाई कारागीर, जरीकाम करणारे, ए.सी. मेकॅनिक, सुतार आणि लहान दुकानदार जागेच्या शोधात वरळी गावापर्यंत येतात. गिरण्यांच्या जागेवर मॉल आणि कचेऱ्या आल्या. तिथे काम मिळते, पण राहायला जागा मिळत नाही. कोळीवाड्यात माळ्यावरची खोली किंवा गल्लीच्या तोंडाचा गाळा अजूनही मिळू शकतो. दलाल समुद्र दाखवतो, वारा दाखवतो आणि लगेच अनामतीचा आकडा सांगतो. व्यापारी बंधूंनी तिथेच थांबून थोडा विचार करावा.

जागा नेमकी कोणाची?

वरळी हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधून भरतीचे पाणी आत शिरून शहराचा मध्यभाग बुडत असे. ही खिंड हॉर्नबी वेलार्ड या बांधाने १७८४ च्या सुमारास बंद झाली आणि मग आजची सलग मुंबई आकाराला येऊ लागली. कोळ्यांची वस्ती त्याच्याही आधीची. म्हणूनच येथील रहिवासी आग्रहाने सांगतात की हे गावठाण आहे, झोपडपट्टी नव्हे. कोळीवाड्यांच्या सीमा कुठवर धरायच्या, कोणता भाग मूळ गाव आणि कोणता नंतर वाढलेला, हा वाद मुंबईत वर्षानुवर्षे चालू आहे.

भाडेकरूला हा वाद दूरचा वाटतो. पण जागेची कागदपत्रे त्यावरच ठरतात. मूळ गावातील घराला मालमत्ता पत्रक असते, त्यावर सी.एस. नंबर असतो. हे पत्रक पुष्कळदा आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावावर असते आणि वारस दहा-बारा असतात. तुमच्याशी बोलणारा त्यांतला एक. तो प्रामाणिक असेलही, पण एका वारसाने परस्पर दिलेल्या खोलीवर दुसरा वारस उद्या हरकत घेऊ शकतो. म्हणून करारावर निदान त्या घरात राहणाऱ्या भावंडांच्या सह्या संमतीदार म्हणून घ्याव्यात. भावाभावांत धुसफूस असेल तर ती याच वेळी दिसून येते आणि तुमचे पैसे वाचतात.

सरकारी किंवा पालिकेच्या जमिनीवर वाढलेल्या भागात मालकाकडे मालमत्ता पत्रक नसते. फोटोपास, वीजबिल किंवा कर आकारणीची पावती असते. यांपैकी एकही मालकीचा पुरावा नव्हे. अशी खोली ‘विकत’ घेण्याच्या भानगडीत पडूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. भाड्याने घेतानाही मालक एका गोष्टीला घाबरतो हे लक्षात असू द्या. झोपडपट्टी पुनर्वसनात पात्रता ठरवताना १ जानेवारी २००० पूर्वीच्या बांधकामाला मोफत आणि त्यानंतरच्या, १ जानेवारी २०११ पर्यंतच्या बांधकामाला सशुल्क घराची तरतूद आहे. सर्वेक्षणाच्या दिवशी खोलीत कोण आढळतो याला त्यात महत्त्व येते. म्हणून काही मालक भाडेकरूला त्या पत्त्यावर रेशनकार्ड काढू देत नाहीत, अकरा महिन्यांवर टिकू देत नाहीत आणि करार नोंदवायचे टाळतात. भीती समजण्याजोगी आहे, पण तिची किंमत भाडेकरूने मोजायची हा न्याय नव्हे. शिवाय जी.एस.टी. नोंदणीला धंद्याच्या जागेचा करार व मालकाचे संमतीपत्र लागते. ते मिळणार नसेल तर ती जागा झोपायला ठीक, दुकानाला निरुपयोगी.

समुद्राकाठी बांधकामाचे नियमही वेगळे आहेत. २०११ च्या सागरी किनारा अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद आली आणि २०१९ मध्ये नवी अधिसूचना निघाली. या तरतुदींचा रोख मच्छीमारांच्या राहत्या घरांवर आहे. तुम्ही गाळ्यात माळा काढला, पुढे छप्पर वाढवले आणि पालिकेच्या जी-दक्षिण विभागाची नोटीस आली तर त्या तरतुदीचा आधार तुम्हाला मिळेलच असे नाही. दुरुस्तीचा खर्च कोण करणार आणि परवानगी कोण काढणार, हे करारात लिहून घ्यावे.

‘हेवी डिपॉझिट’ म्हणजे काय?

आता मुख्य गोष्ट. मुंबईत जागा भाड्याने घेण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत थोडी अनामत आणि महिन्याचे बाजारभावाने भाडे. दुसरीत एकरकमी मोठी अनामत आणि भाडे नाही, किंवा नावापुरते. वर्षाने खोली सोडली की सर्व रक्कम परत. या दुसरीला सगळे ‘हेवी डिपॉझिट’ म्हणतात. आपल्यातील पुष्कळ लोकांना ती फार सोयीची वाटते. “पैसे तर परत मिळणार, म्हणजे खोली फुकटच,” असा हिशेब असतो.

हिशेबासाठी आकडे धरू. समजा एका खोलीचे बाजारभावाने भाडे महिना १०,००० रुपये आणि अनामत ५०,००० रुपये आहे. मालक म्हणतो, त्यापेक्षा आठ लाख द्या, भाडे नको. तुम्ही आठ लाख दिले आणि वर्षभर राहिलात. मालकाने ते पैसे होडीच्या इंजिनाला, मुलीच्या लग्नाला किंवा जुने देणे फेडायला वापरले. परत करण्याची हमी असलेली आणि दरम्यान घेणाऱ्याने खर्च केलेली रक्कम म्हणजे शरीअतच्या भाषेत कर्ज. त्या कर्जाच्या मोबदल्यात तुम्ही वर्षाकाठी १,२०,००० रुपये भाड्याची जागा फुकट वापरली. कर्ज देणाऱ्याने कर्जामुळे लाभ घ्यावा हेच तर व्याज! म्हणून बहुतेक उलमा हा व्यवहार नाजायज मानतात. भाडे पूर्ण माफ न करता अनामतीमुळे १०,००० चे २,००० केले तरी गोष्ट बदलत नाही, कारण सुटलेले ८,००० त्या कर्जाचाच लाभ.

सहीह बुखारीत हजरत अब्दुल्लाह बिन सलाम (रजि.) यांचा एक उपदेश आला आहे. जिथे व्याजाचा सुळसुळाट आहे तिथे राहणाऱ्याला त्यांनी बजावले की तुझ्या कर्जदाराने गवताचा भारा भेट दिला तरी घेऊ नकोस. तिथे गवताच्या भाऱ्याची गोष्ट होती, इथे समुद्र दिसणाऱ्या खोलीची आहे.

कोणी म्हणेल, हे फार ताणले. त्यांनी मुद्रांक कायदा पाहावा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करारावर एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. ते मोजताना परत करायच्या अनामतीवर दरसाल १० टक्के व्याज धरून ती रक्कम भाड्यात मिळवतात. म्हणजे सरकारही म्हणते की या अनामतीत व्याज दडले आहे. अकरा महिन्यांच्या करारात आठ लाखांवर सुमारे ७३,३३३ रुपये व्याज धरले जाते आणि त्यावर शुल्क लागते. आपण ‘फुकट’ म्हणतो त्याला सरकारी दफ्तरात आकडा आहे.

यात आणखी एक खर्च बंधू विसरतात. दुसऱ्याला दिलेले कर्ज हे देणाऱ्याचेच धन राहते, त्यामुळे परत मिळण्याची खात्री असलेल्या आठ लाखांवर जकात देणाऱ्यावरच येते. अडीच टक्क्यांनी ती वर्षाला २०,००० रुपये होते. साध्या सुरक्षा अनामतीच्या जकातीबाबत उलमांत मतभेद आहेत. तेव्हा आपल्या करारातील अटी दाखवून मुफ्ती साहेबांकडून मसला समजून घ्यावा.

दीन बाजूला ठेवून निव्वळ धंद्याच्या नजरेने पाहिले तरी हा व्यवहार कच्चा आहे. मालकाने तुमचे पैसे खर्च केलेले असतात. ते परत करायला तो पुढच्या भाडेकरूची वाट पाहतो. पुढचा मिळेपर्यंत तुम्ही अडकता. आमच्या ओळखीच्या एका शिलाई कारागिराने असेच साठवलेले पैसे एका खोलीत घातले. बायकोचे दागिने मोडून रक्कम पुरी केली होती. करार साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरीपुढे झाला, नोंदणी नाही, अर्धी रक्कम रोखीने. मुदत संपल्यावर मालक “पुढच्या महिन्यात” म्हणत राहिला. कारागिराने भरवशावर किल्ली देऊन टाकली. त्यानंतर पैसे तुकड्यातुकड्याने येऊ लागले आणि पुढे येणेच थांबले. रोखीच्या रकमेचा तर पुरावाच नव्हता.

यावर जायज वाट आहे, आणि ती मालकालाही पटते. एकरकमी पैसे द्यायचेच असतील तर ते आगाऊ भाडे म्हणून द्यावेत. भाडे ही वापराची किंमत आहे. ती आधी दिली म्हणून मालकाने दर कमी केला तर हरकत नाही, कारण इथे कर्ज नाही, सौदा आहे. वरच्याच खोलीचे २२ महिन्यांचे भाडे महिना ९,००० ने एकदम दिले तर १,९८,००० होतात आणि तुमचे २२,००० वाचतात. मालकाच्या हाती रक्कम येते आणि ती त्याला परत करायची नसते. एकच काळजी घ्यावी. मुदतीआधी जागा सोडावी लागली, किंवा मालकाने सोडायला लावली, तर उरलेल्या महिन्यांचे भाडे किती दिवसांत परत मिळेल हे करारात स्पष्ट लिहावे.

लिहिलेले आणि नोंदवलेले

कुरआनात सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा देण्या-घेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार करण्याचा आदेश आहे. आपण ही आयत जलशांत ऐकतो आणि खोली घेताना “तोंडी ठरले आहे” म्हणतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ (३१ मार्च २००० पासून लागू) याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा व लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. मालकाला हे समजावून सांगितले की तो नोंदणीला बहुधा तयार होतो, कारण नोंदणी न करण्यात त्याचाच तोटा अधिक आहे. मुंबईत नोंदणी फी १,००० रुपये आहे. वरील साध्या उदाहरणात मुद्रांक शुल्क तीनशे रुपयांच्या आत बसते. या पैशांसाठी लाखांची जोखीम घेणारे पाहिले की वाईट वाटते.

अनामत बँकेमार्फतच द्यावी. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रकमेची अनामत रोखीने घेणे आयकर कायद्याला मंजूर नाही आणि दंड घेणाऱ्याला, तोही घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. “रोख दिल्यास थोडे कमी करतो” असे कोणी म्हटले तर हे त्याला सांगावे. अनामत हाती पडेपर्यंत ताबा व किल्ली भाडेकरूकडे राहील, ही ओळ करारात असलीच पाहिजे. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची असते. तीही मालकाकडून वेळेवर करून घ्यावी, म्हणजे पुढे कोणाला बोट दाखवायला जागा राहत नाही. नाव ऐकून खोली नाकारली जाण्याचा अनुभव आपल्या बांधवांना मुंबईत नवा नाही. अशा वेळी चोख कागद हातात असलेला माणूस थोडा ताठ उभा राहू शकतो.

करोनाच्या काळातील एक धडाही इथे नमूद करतो. मार्च २०२० च्या अखेरीस वरळी कोळीवाडा सील झाला. मुंबईत सर्वात आधी बंद झालेल्या वस्त्यांपैकी तो एक. आत राहणाऱ्यांना बाहेर कामाला जाता येईना आणि बाहेरच्यांना आतले दुकान उघडता येईना. सरकारी आदेशाने जागा वापरता आली नाही तर त्या दिवसांच्या भाड्याचे काय, याची अट करारात घालायला आता तरी शिकावे.

पगडीचा गाळा

गावाबाहेर पडले की जुन्या चाळींच्या तळमजल्यावर पगडीचे गाळे आहेत. पगडी पूर्वी चोरून दिली जाई. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने ती घेणे कायदेशीर केले. गाळा दुसऱ्याच्या नावे करताना जमीनमालक साधारण तिसरा हिस्सा मागतो, असा रिवाज आहे. भाडेपावती तुमच्या नावावर होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये.

शरीअतच्या दृष्टीने पगडीवर बरीच चर्चा झाली आहे. इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिकह अकादमीने १९८८ मध्ये जेद्दा येथील बैठकीत यावर ठराव केला आणि आपल्याकडे इस्लामिक फिकह अकादमीच्या १९८९ मधील दिल्लीच्या पहिल्याच परिसंवादात हा विषय होता. जेद्दाच्या ठरावाचा आशय असा : मालकाने भाड्याव्यतिरिक्त एकरकमी पैसे घेतले तर ते मुदतीच्या भाड्याचाच भाग समजावेत. ठरलेली मुदत शिल्लक असताना भाडेकरूने आपला हक्क सोडण्याबद्दल मोबदला घेतला तर चालेल. मुदत संपल्यावर मालकाच्या संमतीशिवाय जागा अडवून तिचे पैसे घेणे जायज नाही. मुंबईच्या पगडीत मुदतच नसते, म्हणून प्रत्येक सौदा स्वतंत्रपणे विचारून करावा हे उत्तम.

खारा वारा आणि कारागीर

दलाल ज्या वाऱ्याचे कौतुक करतो तो वारा मिठाचा असतो. शिलाई मशीनच्या सुया, दांडा, बॉबीनची पेटी यांवर गंज लवकर चढतो. रोज काम संपल्यावर तेलाचा हात फिरवून मशीन झाकून ठेवावी लागते. इमिटेशन जरी काळवंडते. तयार माल हवाबंद पिशवीत, कपाटात ठेवावा, दाराशी टांगून ठेवू नये. चामड्याच्या वस्तूंना पावसाळ्यात बुरशी धरते. पत्र्याचे शटर आणि विजेच्या जोडण्या लवकर खराब होतात. दुकानासाठी बेस्टचा मीटर व्यापारी दराचा आहे का हेही पाहावे. घरगुती मीटरवर दुकान चालवले तर दंडाचे बिल शेवटी गाळेवाल्याच्या गळ्यात पडते.

गल्ल्या अरुंद असल्याने टेम्पो आत येत नाही. माल मोठ्या रस्त्यावर उतरवून हातगाडीने किंवा डोक्यावरून न्यावा लागतो. फर्निचर करणाऱ्या सुताराने हा खर्च आधीच धरावा. जरीकाम किंवा शिलाई करणाऱ्याला त्याचे फारसे काही नाही.

उधारीचा हंगाम

गावात दुकान टाकणाऱ्याने कोळ्यांचे वर्ष समजून घ्यावे. पावसाळ्यात जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास धंदा पुन्हा रंगात येतो. मधल्या काळात गावात पैसा आटतो, जाळी शिवली जातात, होड्या दुरुस्त होतात, किराणा उधारीवर जातो. ज्याच्याकडे दोन-अडीच महिने उधारी सोसण्याइतके भांडवल नाही त्याने मे महिन्यात दुकान उघडू नये. उधारीची किंमत रोखीपेक्षा थोडी जास्त ठरवणे जायज आहे, पण ती विक्रीच्या वेळी एकदाच ठरली पाहिजे. उशीर झाला म्हणून नंतर रक्कम वाढवणे हे व्याज.

दर्याचा धंदा स्वतःच अडचणीत आहे. सागरी सेतू २००९ मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर किनारी रस्ता आला. त्याचा वरळीपासूनचा पहिला टप्पा २०२४ मध्ये खुला झाला. पुलाच्या खांबांमधून होड्या सुखरूप जाव्यात म्हणून येथील मच्छीमारांनी मोठा लढा दिला आणि २०२२ च्या अखेरीस दोन खांबांमधील अंतर ६० ऐवजी १२० मीटर करण्याचे सरकारने मान्य केले. या लोकांची रोजी बुडाली तर गावातील दुकानदाराची उधारीही बुडते.

हॉटेल किंवा केटरिंगवाले आपले बंधू येथून मासळी घेऊ शकतात. कोळंबीबाबत हनफी उलमांत मतभेद आहेत, कोकणी शाफई बंधूंना ती अडचण नाही. गिऱ्हाईक कोणते आहे ते पाहून माल घ्यावा. भाव करताना मावशीशी हुज्जत घालण्यापेक्षा रोज ठरल्या वेळी जाऊन रोख देणारा गिऱ्हाईक तिला अधिक प्यारा असतो, हे आम्ही पाहिले आहे.

जागा कधी पाहावी?

दलाल नेहमी ओहोटीला, कोरड्या दिवशी, संध्याकाळी जागा दाखवतो. हाजीअलीच्या दर्ग्याला जाणारी पायवाट भरतीला पाण्याखाली जाते हे सर्वांना माहीत आहे. तोच समुद्र थोड्या अंतरावर कोळीवाड्याच्या पायरीशी आहे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस पालिका आधी जाहीर करते. त्या दिवशी जोराचा पाऊस आला की गटाराचे पाणी बाहेर जायला वाट उरत नाही. सौदा पावसाळ्यापूर्वी होत असेल तर शेजारच्या घरात जाऊन भिंतीवर पाण्याची खूण कुठवर आहे ते विचारावे. शेजारी खरे सांगतो, त्याला दलाली मिळणार नसते. सौदा पावसाळ्यात होत असेल तर उंच भरतीच्या दिवशी भरतीच्या वेळी स्वतः जाऊन खोलीत अर्धा तास बसावे. पाणी, संडासची सोय, रात्रीचा रस्ता आणि जवळची मशीद किती अंतरावर हे त्याच फेरीत पाहून घ्यावे, आणि मगच बँकेचा चेक फाडावा.